जुना ट्रॅक्टर भंगाराच्या वर किती चढतो, आणि का

मराठवाड्यात जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीचा तळ जालन्यात ठरतो. तिथल्या पोलाद कारखान्यांना बांधकामाचे गज बनवायला भंगार लागतं, त्यामुळे बंद पडलेल्या ट्रॅक्टरलाही वजनावर गिऱ्हाईक मिळतं. एकाच वयाचे, एकाच ताकदीचे दोन ट्रॅक्टर असले तरी एक वजनकाट्यावर जातो आणि दुसऱ्यासाठी तिघं-चौघं बोली लावतात. हा फरक कळायला थोडं मागं जावं लागतं.

देशातला पहिला ट्रॅक्टर 1959 मध्ये फरिदाबादला आयशरच्या नावानं बाहेर पडला. 1960 मध्ये चेन्नईत मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं टॅफे उभी राहिली. पुढं पोलंडच्या उर्सुसला धरून एस्कॉर्ट्स आली, 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर महिंद्रा. त्याच काळात रशियाहून आणि पूर्व युरोपातून तयार ट्रॅक्टरही आयात होत होते. लोखंडाला ते दणकट होते, पण आयात थांबली तसे सुटे भागही थांबले. डीटी-14 सारखी यंत्रं आज कुठं दिसलीच तर शेडमागं, बिनचाकाची. 1976 मध्ये जायकवाडी पूर्ण झालं, पाणी पोचलं तिथं नांगरट वाढली. तोवर ज्यांचे भाग जिल्ह्याच्या गावी मिळू लागले होते, तीच नावं टिकली.

यात मॅसी 1035 चा भाव सगळ्यात कमी घसरतो. तिची मूळ रचना 1950 च्या दशकातल्या फर्ग्युसन 35 ची, आणि ती इथं दशकानुदशकं फारशी बदलली नाही. साहजिकच नवा भाग जुन्या गाडीला बसतो. हॅरी फर्ग्युसनचं अवजाराचं तीन बिंदूंचं जोडणं आणि ओढीचा ताण आपोआप सांभाळणारं ड्राफ्ट कंट्रोल काळ्या जमिनीत खरं उपयोगी पडतं. नांगर कडक पट्ट्यात अडकला की वरच्या लिंकचा दाब वाढतो, हायड्रोलिक यंत्रणा नांगर जरासा उचलते, त्याचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि चाक फिरून खड्डा पाडत नाही. खोट एकच. गिअर, डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी पेटी) आणि हायड्रोलिक या सगळ्यांना तेल एकच, आणि पंप त्याच तेलात बुडालेला. सीलमधून चिखलपाणी शिरलं, तेल दुधाळ झालं की पंप आणि कंट्रोल व्हॉल्व्ह दोन्ही झिजतात. मग लिफ्ट उचललेल्या अवस्थेत उचक्या मारते.

महिंद्राच्या बी-275 मध्ये नावापुढची दोन अक्षरं किंमत फिरवतात. मूळ ब्रिटिश इंजिनात डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारलं जायचं. थंडीत हीटर तापवल्याशिवाय ते सुरू होत नसे, आणि कप्प्याच्या भिंतीतून उष्णता वाया जात असल्यानं डिझेलही जास्त लागे. ‘डीआय’ म्हणजे डिझेल सरळ पिस्टनच्या माथ्यावर. म्हणून जाणकार आधी बोनटवरचं नाव वाचतो, मग इंजिनावरचा नंबर बघतो. बोनट बदलायला अर्धा तास पुरतो.

एचएमटीनं 1971 मध्ये पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरचा 2511 बनवायला घेतला. 2 सिलिंडर, 25 अश्वशक्ती. झेटॉरची पद्धत शहाणी होती: 2, 3 आणि 4 सिलिंडरच्या इंजिनांत बरेच भाग सामाईक. कारखाना बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, तरी गाड्या लगेच काट्यावर गेल्या नाहीत, त्या यामुळंच. स्वराजची गोष्ट वेगळी. 1974 चा 724 देशातच, दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आराखड्यावर झाला आणि इंजिन किर्लोस्करच्या घराण्यातलं. ज्या मुलखात विहिरीविहिरीवर किर्लोस्करची मशिनं धडधडली, तिथल्या मिस्त्रीला ते उघडायची धास्ती कशाला वाटेल!

आयशर 242 चं मोल पाणीटंचाईनं वाढवलं. एकच सिलिंडर, 1557 घनसेंटिमीटर, हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, होजपाइप नाही. पण मळणीच्या दिवसांत भुसा आणि धूळ सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्यांत, म्हणजे फिन्समध्ये, बसते, हवा फिरत नाही, रिंगा चिकटतात आणि पिस्टन धरतो. घेताना फिन्स खरवडून बघाव्यात. 

बागेचं गणित आणखी निराळं. मोसंबी साधारण 6 बाय 6 मीटरवर असते. झाडं मोठी झाली की 35 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचं मडगार्ड फांद्या मोडतं. वरच्या थरातल्या तंतुमुळ्यांवरून जड चाक फिरलं की जमीन दबते, ती नुकसानी वेगळीच. मित्सुबिशीच्या रचनेचा, बंगळूरच्या व्हीएसटीचा एमटी 180 डी साडेअठरा अश्वशक्तीचा, सुमारे 650 किलोचा, चारही चाकांना ताकद देणारा. जालन्याच्या बागांत आणि धाराशिवच्या द्राक्षात जुना असला तरी तो मागितला जातो. मात्र उसाची ट्रॉली ओढलेला घेऊ नये. फोर-व्हील न काढता डांबरीवर पळवलेला असेल तर पुढच्या चाकांचा रबर अकाली घासलेला दिसतो आणि पुढच्या डिफरन्शिअलमधून आवाज येतो.

अमेरिकेत हेच गणित उलटं चालतं, तिथं न खपलेल्या रंगालाही मोल येतं. जॉन डिअरनं 1969 च्या सुमारास अंगणातले छोटे ट्रॅक्टर पांढऱ्या रंगात, वर लाल, निळं, पिवळं किंवा नारिंगी बोनट लावून काढले. हिरवा सोडून दुसरा रंग लोकांना रुचेना, विक्री बेताची झाली, आणि आज संग्राहक त्याच रंगासाठी जास्त मोजतात. आपल्याकडं ताजा रंग दिसला की आधी शंका घ्यावी.

व्यवहाराआधी नांगर उचलून इंजिन बंद करावं; पाच-दहा मिनिटांत लिफ्टचे हात खाली आले तर लिफ्टच्या पिस्टनची सील किंवा व्हॉल्व्ह गेला आहे. रोटाव्हेटर चालवायचा असेल तर डबल क्लच आहे का ते आधी विचारावं; सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की अवजार फिरवणारा मागचा शाफ्टही थांबतो. त्याची किंमत कमी येते ती याचमुळं.

शेवटी कागद. नोंदणी 15 वर्षांची, पुढं दर 5 वर्षांनी नूतनीकरण. नांदेड, लातूर, धाराशिवकडं तेलंगण-कर्नाटकातून आलेल्या गाड्या बऱ्याच. त्यांना नमुना 28 चा ना-हरकत दाखला लागतो, नाव बदलायला 29 आणि 30. बँकेचा बोजा आरसीवर तसाच असेल तर नमुना 35 वर बँकेचा शिक्का आणल्याशिवाय विसार देऊ नये. चॅसिसवर ठोकलेला नंबर घासलेला निघाला तर कितीही चांगलं मॉडेल असलं तरी त्याला भंगाराचाच भाव.