शोधणाऱ्याला तुमचे पुस्तक सापडावे म्हणून: कीवर्ड आणि टॅग कसे भरावेत

ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक चढवताना तपशिलाच्या पानावर कीवर्डसाठी, म्हणजे वाचक शोधताना टाइप करतो त्या शब्दांसाठी, सात खोके येतात. ‘मराठी’, ‘पुस्तक’, ‘शेती’ आणि स्वतःचे नाव टाकून बरेच लेखक मोकळे होतात. हे खोके वायाच जातात. ‘पुस्तक’ हा शब्द त्या दुकानातल्या प्रत्येक पुस्तकाला लागू आहे, आणि शीर्षक व लेखकाचे नाव यांवरून शोध तसाही लागतो. तेच शब्द पुन्हा भरू नका.

खोक्यात वाचकाचा शब्द हवा. द्राक्षशेतीवर लिहिणाऱ्याला ‘बुरशीजन्य रोगांचे एकात्मिक व्यवस्थापन’ असे म्हणायचे असते. निफाड-दिंडोरीचा बागायतदार ‘भुरी’ किंवा ‘डाऊनी’ टाइप करतो. म्हणून ‘भुरी डाऊनी फवारणी’, ‘खरड छाटणी एप्रिल’, ‘गोडी छाटणी ऑक्टोबर’, ‘बेदाणा कसा करावा’ असे दोन-तीन शब्दांचे, बोलण्याच्या क्रमातले तुकडे भरा. नाशिकच्या प्रवास-मार्गदर्शिकेचेही तसेच. आपण ‘सिंहस्थ’ म्हणतो, बाहेरगावचा माणूस ‘कुंभमेळा’ शोधतो. २०२७ डोळ्यासमोर ठेवून लिहीत असाल तर दोन्ही घाला.

एका खोक्यात ५० अक्षरे मावतात, पण मोजणी संगणकाची असते. ‘द्राक्ष’ आपल्याला दोन अक्षरे दिसतात. संगणक द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष अशी सात धरतो. वरचे ‘एकात्मिक व्यवस्थापन’वाले शब्द एवढ्यानेच ३७ खातात.

मराठीत खरी गफलत टायपिंगची होते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमधला मजकूर खोक्यात चिकटवला की निरर्थक चिन्हे उमटतात, त्यामुळे कीवर्ड युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणक-मोबाइलवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. युनिकोडमध्येही ‘शेतकऱ्यांसाठी’मधला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधयंत्राला वेगळे ठरू शकतात. ‘ॲ’चीही तीच गत. शक्यतो असे शब्द टाळून ‘शेतकरी मार्गदर्शन’ लिहावे. आणखी एक: शोधणारा बहुधा मूळ रूप टाकतो, म्हणून ‘द्राक्षांच्या बागेसाठी’ नको, ‘द्राक्ष बाग’ हवे.

सातांपैकी दोन खोके रोमन लिपीतल्या मराठीला द्या. मोबाइलवर मराठी कळफलक न लावणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि नाशिकचे स्पेलिंगही कोणी ‘एच’सह करतो, कोणी ‘एच’शिवाय.

शब्द शोधायचे कसे? ब्राउझरची खासगी (इनकॉग्निटो) विंडो उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम होणार नाही. ॲमेझॉनच्या शोधपट्टीत किंडल विभाग निवडून विषयाचा पहिला शब्द सावकाश टाइप करा आणि खाली सुचणारे पर्याय उतरवून घ्या. मग एकेक शोधून बघा. भलत्याच विषयाची पुस्तके येत असतील तर तो पर्याय सोडा.

दुसऱ्या लेखकांची नावे, ‘बेस्टसेलर’, ‘नवीन’, ‘मोफत’, ‘किंडल अनलिमिटेड’ हे शब्द नियमात बसत नाहीत. त्यापायी पुस्तक अडकू शकते. अवतरणचिन्हेही घालू नका.

किंडलवर पुस्तकाचे विषयवार वर्ग तीन निवडता येतात. शक्य तितका आतला, नेमका उपवर्ग घ्या. वर्णनाला ४,००० अक्षरांची मर्यादा आहे. गूगल प्ले बुक्सवर कीवर्डचे खोके नसल्याने तिथे विषय आणि वर्णन यांवरच भिस्त. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो, पण तो पुस्तकाचा ओळख-क्रमांक. शोधात वर येण्याशी त्याचा संबंध नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या हॅशटॅगमध्ये मोकळी जागा पडली की टॅग तिथेच तुटतो, तेव्हा शब्द सलग लिहा किंवा अधोरेषेने जोडा.

कवितासंग्रहाला कीवर्डचा उपयोग कमीच, हे आधीच सांगितलेले बरे. तरी ‘सूत्रसंचालनासाठी चारोळ्या’, ‘पावसाच्या कविता’ असे प्रसंगावरचे शब्द चालतात.

प्रकाशनानंतरही कीवर्ड विनाशुल्क बदलता येतात. बदल दिसायला ७२ तास लागू शकतात. एका वेळी दोनच खोके बदला आणि महिनाभर थांबा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. छाटणीसारख्या हंगामी विषयाला हा बदल हंगामाच्या आधी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये करावा.

आमच्याकडून कीवर्ड भरून घ्यायचे असतील तर पुस्तकाची युनिकोड फाइल आणि अनुक्रमणिका आणा. शिवाय ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले त्यांपैकी तिघा-चौघांना ‘असे पुस्तक हवे असेल तर काय टाइप कराल?’ असे विचारा आणि उत्तरे शुद्धलेखन न सुधारता, आहेत तशी लिहून आणा.