उंच गाडीला सेडानचा आराम कसा मिळाला

२०२१-२२ या आर्थिक वर्षात भारतात युटिलिटी वाहनांची, म्हणजे एसयूव्हीसारख्या उंच गाड्यांची, विक्री सेडान आणि हॅचबॅक यांच्या एकत्रित विक्रीच्या पुढे गेली. त्यानंतर हे अंतर वाढतच गेले. घरात नवी गाडी घ्यायची ठरली की आज चर्चा बहुधा उंच गाडीपासूनच सुरू होते. बसायला सोपी, खड्ड्यात आदळत नाही, खाली घासत नाही, म्हणून आरामदायी, असा हिशेब असतो. यातली पहिली तीन कारणे बव्हंशी खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा. उंचीने गाडीला आराम कधीच दिलेला नाही. उंच गाडीखाली सेडानचा सांगाडा आला, तेव्हा तिला आराम मिळाला. हे व्हायला जवळपास अर्धे शतक लागले.

सुरुवातीला ही दोन वेगळी घराणी होती आणि दोन्ही मुंबईत नांदत होती. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट ११०० तयार व्हायची. तीच पुढे पद्मिनी झाली आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने शहराच्या अंगवळणी पडली. तिची चासी वेगळी नव्हती, बॉडी हाच तिचा सांगाडा. पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होत आणि मागे स्प्रिंग म्हणून लोखंडी पाटे होते. दुसरीकडे महिंद्राने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. जीपची रचना अगदी वेगळी होती. खाली शिडीसारखी भक्कम लोखंडी चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, पुढे-मागे सलग ॲक्सल आणि चारही चाकांवर पाटे. सलग ॲक्सलमध्ये डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही हलते. शिवाय ॲक्सल आणि चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलचे सगळे वजन स्प्रिंगच्या खाली, चाकाच्या बाजूला असते. ते वजन एकदा उसळले की शॉकॲब्सॉर्बरला आवरत नाही. जीप शेतात, ओढ्यात, डोंगरात चालावी म्हणून बनवली होती आणि ते काम तिने चोख केले. आत बसलेल्याच्या पाठीचा विचार त्या रचनेत नव्हता.

सेडानच्या बाबतीत हा विचार बराच आधी झाला होता. रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी एका मोठ्या गाडीवर सरकवता येणारी वजने बसवली. स्प्रिंगा बदलत, वजने पुढे-मागे करत त्यांनी आत बसणाऱ्याला काय जाणवते ते पाहिले. त्यांच्या हाती लागलेले सूत्र आजही वापरात आहे. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. उंचवट्यावर पुढची चाके आधी जातात, मागची क्षणभराने. मागची बाजू थोडी जलद हलली, तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि नाव डोलावी तसे होणारे पुढे-मागे झोके मावळतात. उरते ते सरळ वरखाली होणे, आणि माणसाचे शरीर ते सहज सोसते. पण पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या की सलग ॲक्सलवरची चाके वेगात थरथरू लागत. म्हणून १९३४ च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापले वरखाली होईल अशी रचना, आणले. आराम आणि ताबा हे एकाच गाठीचे दोन पदर आहेत, हे तेव्हाच स्पष्ट झाले. पुढच्या इतिहासात ती गाठ कुठेच सुटलेली दिसत नाही.

भारतात शिडीच्या चासीचे राज्य फार काळ टिकले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यातून १९९१ मध्ये टाटा सिएरा आली, १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी. नाशिकहून २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. खेड्यापाड्यांत वडाप करणाऱ्या जीप आणि ट्रॅक्स याच घराण्यातल्या. त्यांतून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना ठाऊक असेल की भरलेली गाडी बऱ्यापैकी बसून चालते आणि रिकामी परत येताना जागोजागी उडते. याचे कारण सरळ आहे. पाटे दहा-बारा माणसांच्या ओझ्यासाठी ठरवलेले, त्यामुळे दोघांच्या वजनाने ते दबतच नाहीत. पुढे अनेक मॉडेलांत स्वतंत्र सस्पेन्शन आले, कॉइल स्प्रिंगा आल्या, पण शिडी कायम राहिली. शिडीवर रबराच्या बुशांनी बसवलेली बॉडी खडबडीत रस्त्यावर स्वतंत्रपणे थोडी थोडी हलत राहते. सतत बारीक हादरे बसत असल्याचा भास होतो, तो बराचसा यातून.

दोन घराण्यांची सोयरीक झाली परदेशात, आणि तीही टप्प्याटप्प्याने. सोव्हिएत रशियाच्या लाडा निवाने १९७७ मध्ये शिडी टाकून बॉडीलाच सांगाडा केले, चारही चाकांना कॉइल स्प्रिंगा आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले. अमेरिकन मोटर्सने १९८० च्या मॉडेल वर्षात ईगल आणली. ती सरळसरळ उंच केलेली, चारही चाकांनी ओढणारी सेडान होती. १९८४ च्या जीप चेरोकीने शिडी आणि बॉडी एकजीव केली, ॲक्सल मात्र सलगच ठेवले. निर्णायक पाऊल टोयोटाचे. १९९४ ची राव्हफोर मोटारीच्या भागांवर उभी होती, एकसंध बॉडीची होती आणि तिची चारही चाके स्वतंत्र होती. पुढच्याच वर्षी होंडाने सिव्हिकच्या पायावर सीआर-व्ही आणली आणि १९९७ मध्ये टोयोटाची हॅरिअर कॅमरीच्या पायावर आली. या शेवटच्या तिघींपैकी कुणालाही जीपसारखे ओढ्यातून जायचे नव्हते. बाहेरून जीपचा रुबाब आणि आतून मोटारीची चाल, एवढेच त्यांना साधायचे होते, आणि ते त्यांनी साधले.

मग अडचण आली ती उंचीची. वळणावर किती वजन बाहेरच्या चाकांवर सरकते, हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर यांवर ठरते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००१ च्या मॉडेलांपासून उलटण्याच्या धोक्याचे मानांकन सुरू केले. त्याचा आधार एकच भागाकार होता. चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. साध्या मोटारींचा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, तर एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅन यांचा १.० ते १.३. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी.

हे मानांकन आले त्याच सुमारास एक मोठी दुर्घटना-मालिका गाजत होती. फोर्ड एक्सप्लोरर या शिडीच्या एसयूव्हीचे फायरस्टोन टायर वेगात फाटत आणि गाड्या उलटत. दोनशेहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २००० मध्ये टायर परत मागवले गेले. मला या प्रकरणात सर्वात बोलका वाटतो तो हवेच्या दाबाचा तपशील. फोर्डने टायरमध्ये २६ पीएसआय हवा भरायला सांगितली होती, तर फायरस्टोनने नंतर ३० ची शिफारस केली. हवा कमी असली की गाडी मऊ चालते, स्टेअरिंगला थोडी सावकाश प्रतिसाद देते, पण टायर जास्त तापतो. चुकले कोणाचे यावर दोन्ही कंपन्यांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही आणि त्यांचे जुने नाते तुटले. आपल्यासाठी मुद्दा असा की उंच, जड गाडी मऊ आणि स्थिर अशी दोन्ही करायची तर टायरच्या हवेपर्यंत तडजोड जाते.

त्याच सुमारास युरोपात दुसरी घटना घडली. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली. रस्त्यात अचानक सांबरासारखा प्राणी आला तर चालक झटकन एकीकडे आणि लगेच दुसरीकडे स्टेअरिंग फिरवतो, तशी ती चाचणी होती. ए-क्लास एसयूव्ही नव्हती, पण आकाराच्या मानाने उंच होती. कंपनीने गाडी देणे थांबवले, सस्पेन्शन बदलले आणि सर्व ए-क्लासमध्ये ईएसपी बसवले. ही यंत्रणा गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते. तोपर्यंत ती महागड्या गाड्यांपुरती होती, त्यानंतर ती झपाट्याने खालच्या गाड्यांत उतरली. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून ती सर्व मोटारींना सक्तीची झाली. आजची क्रॉसओव्हर, म्हणजे मोटारीच्या सांगाड्यावरची उंच गाडी, निर्धास्तपणे चालवता येते, त्यात या यंत्रणेचा वाटा सस्पेन्शनच्या बरोबरीने आहे. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा मानांकनातही तीन तारे किंवा त्याहून जास्त मिळवायचे तर ती लागतेच.

भारतात क्रॉसओव्हरची वाट रस्त्यांनी जितकी घडवली, तितकीच करांनी. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. परिणामी सेडानच्या डिक्की छाटल्या गेल्या. आधी टाटा इंडिगो सीएस आणि २०१२ मध्ये डिझायर चार मीटरच्या आत आली. तीच पट्टी धरून पुढे इकोस्पोर्ट, ब्रेझा आणि नेक्सॉन जन्मल्या. २०१३ च्या अर्थसंकल्पाने एसयूव्हीवर ३० टक्के शुल्क लावले. व्याख्या होती: लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा अधिक. चाकणच्या एक्सयूव्ही ५०० चा क्लिअरन्स त्यानंतर २०० वरून १६० मिलिमीटरवर आणला गेला. गाडी जमिनीपासून किती वर असावी हे अभियंता आणि रस्ता यांनी मिळून ठरवायचे. तिथे करनियमाने मध्ये पडावे, हे मला आजही पटत नाही.

त्याआधीच, जुलै २०१२ मध्ये, रेनॉ डस्टर आली होती. एकसंध बॉडी, २०५ मिलिमीटर क्लिअरन्स, लांब चाल असलेल्या स्प्रिंगा. वेग कमी न करता खराब रस्ता पार करणारी परवडणारी गाडी म्हणून तिचे नाव झाले. भारतातल्या मध्यमवर्गाला उंच गाडी आरामदायी वाटू लागली, त्याचे मोठे श्रेय मी डस्टरला देईन. जुलै २०१५ मध्ये आलेल्या क्रेटाने मग बाजार ताब्यात घेतला.

इतिहास कुठे येऊन पोचला ते पाहायला चाकणसारखी जागा नाही. तिथे श्कोडाची कुशाक २०२१ मध्ये आली आणि स्लाव्हिया २०२२ मध्ये. एक क्रॉसओव्हर, एक सेडान. प्लॅटफॉर्म एकच, इंजिने तीच, चाकांच्या पुढच्या-मागच्या जोड्यांमधले अंतर तेच २६५१ मिलिमीटर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे ट्विस्ट बीम ही सस्पेन्शनची रचनाही दोघींना सारखीच. ग्राउंड क्लिअरन्स कुशाकचा १८८ आणि स्लाव्हियाचा १७९, म्हणजे फरक फक्त ९ मिलिमीटर. आपल्या रस्त्यांसाठी सेडानच उचलून उंच करावी लागली. छताच्या उंचीत मात्र सुमारे दहा सेंटीमीटरचा फरक आहे, आणि तो वळणावर जाणवतो.

कारण उंच गाडी वळणावर फार कलू नये म्हणून अभियंत्याकडे मुख्यतः दोन उपाय असतात, कडक स्प्रिंगा आणि जाड अँटीरोल बार. हा बार डाव्या-उजव्या चाकांना बांधतो. गाडी कमी कलते, पण एकाच चाकाखाली खड्डा आला तर धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि गाडी आडवी हलते. उंच बसलेल्या माणसाचे डोके गाडी ज्या अक्षाभोवती कलते त्यापासून जास्त दूर असते, त्यामुळे तेच डोलणे त्याला मोठे जाणवते. उंची हे या अर्थी कर्ज आहे, आणि त्याचे व्याज कडकपणाच्या रूपात फेडावे लागते. आंबेनळी किंवा आंबोलीच्या घाटात मुलांना गाडी लागते, तेव्हा जेवणाइतकेच हे सावकाश होणारे आडवे झोके कारण असतात. तशा घाटात चांगली सेडान मागच्या सीटवर बहुधा सुखाची ठरते. समृद्धीसारख्या सिमेंटच्या महामार्गावर हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तिथेही खाली बसलेली गाडी वाऱ्याला कमी भिडते आणि शांत राहते.

गावातल्या गतिरोधकावर मात्र चित्र उलटते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलसर असावा असे आहे. प्रत्यक्षात गल्लीबोळांत हातभर रुंदीचे, धारदार उंचवटे असतात. तिथे लांब सेडानचे पोट घासते आणि क्रॉसओव्हर निर्विघ्न जाते. खड्ड्यांतही मोठ्या व्यासाचे चाक आणि टायरची जाड बाजू उपयोगी पडते. म्हणूनच सर्वात वरच्या मॉडेलातली मोठी अलॉय आणि पातळ टायर घेताना थांबून विचार करावा. क्रॉसओव्हर ज्या गुणासाठी घेतली, तोच त्यात कमी होतो. टेस्ट ड्राइव्ह घेताना ज्यांना रोज मागे बसायचे आहे त्यांना सोबत न्यावे, आणि गुळगुळीत हमरस्त्याऐवजी आपल्या घराजवळचाच रस्ता निवडावा.

शिडीचे घराणेही दरम्यान बदलले. २०२१ ची सफारी जुने नाव घेऊन आली, पण एकसंध बॉडीवर. स्कॉर्पिओ-एनने २०२२ मध्ये शिडी राखली, मात्र हादऱ्यांच्या गतीनुसार मऊ किंवा घट्ट होणारे शॉकॲब्सॉर्बर घेतले. आता विजेवरच्या गाड्या जुने गणित पुन्हा मांडत आहेत. चाकणहून येणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये ५९ किंवा ७९ किलोवॅट-तासांची बॅटरी पायाखाली, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये बसते. त्यामुळे उंच गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावरचे कलणे कमी होते. पण काही शे किलोंचे जास्तीचे वजन पेलायला स्प्रिंगा पुन्हा कडक कराव्या लागतात, टायर अधिक भक्कम लागतात, आणि कमी वेगात छोट्या खड्ड्यांचे धक्के आत पोचू लागतात. वरच्या मॉडेलांत त्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे शॉकॲब्सॉर्बर दिले जातात. स्वस्त विजेच्या गाड्यांना हे धक्के अजून साध्या स्प्रिंगा आणि साध्या शॉकॲब्सॉर्बरवरच आवरावे लागतात.