चौडा टायर, जड वळण

नागपुरात मोटरसायकल चार-पाच वर्षं जुनी झाली आणि मागचा टायर बदलायची वेळ आली, की बहुतेक पोरांचं मागणं ठरलेलं असतं: "भाऊ, चौडावाला टाक." कंपनीने शंभरचा दिला असेल तर एकशेवीस, बसला तर एकशेचाळीस. गाडी भारदस्त दिसते, यात वाद नाही. पुढचे आठ-पंधरा दिवस तो मित्रांना सांगत फिरतो, "गाडी काय मस्त वळते राजा आता!" आणि खरंच वळत असते. फक्त त्याचं श्रेय रुंदीला देण्याआधी उतरवलेल्या जुन्या टायरकडे एकदा नीट बघायला हवं.

टायरच्या बाजूवर 100/90-17 असं लिहिलेलं असतं. रुंदी 100 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 90 टक्के, म्हणजे 90 मिलिमीटर, आणि रिम 17 इंची. रिमचे साधारण 432 आणि वरखाली मिळून 180, असा चाकाचा व्यास 612 मिलिमीटर होतो. आता त्याच रिमवर 120/80-17 घाला. दुसरा आकडा कमी झाला म्हणून टायर बुटका वाटतो, पण 120 चे 80 टक्के 96 होतात आणि व्यास 624 वर जातो. गाडीची मागची बाजू 6 मिलिमीटर उचलली जाते आणि गिअर दोन टक्क्यांनी लांब होतात, म्हणजे पिकअप किंचित मरतो. 110/80-17 घेतला तर व्यास 608, जवळपास मूळचाच. दुकानात हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

दुचाकी वळते ती झुकून. ताशी 36 किलोमीटर वेगाने 25 मीटर त्रिज्येच्या वळणावर जायचं तर गणिताने सुमारे 22 अंश झुकावं लागतं. पण हे गणित कागदासारख्या पातळ चाकाचं. खरा टायर झुकला की जमिनीला टेकणारा भाग मधून सरकून वळणाच्या आतल्या बाजूला जातो. टेकूच आत सरकला, की तोल सांभाळायला गाडीने आणखी झुकायला हवं. गाडी आणि चालवणारा यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर धरला, तर 100 च्या टायरला हे जास्तीचं झुकणं सुमारे 2 अंश, 140 च्या टायरला सुमारे 3. एका अंशाचा फरक चालवणाऱ्याला क्वचितच कळतो. जाणवतो तो झुकवायला लागणारा जोर, कारण रुंद टायरला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला लांबची कमान पार करावी लागते. सेमिनरी हिल्सच्या नागमोडी रस्त्यावर डावीकडून उजवीकडे पटकन गाडी घ्यायची वेळ आली, की हँडल जड लागतं ते यामुळे.

आडव्या छेदातली ही कमान, म्हणजेच टायरचं प्रोफाइल, गाडीचा स्वभाव ठरवते. स्टीलचा निमुळता पेला फरशीवर आडवा करून ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण त्याच्या एका टोकाचा घेर लहान आणि दुसऱ्याचा मोठा असतो. झुकलेला टायरही जमिनीला टेकतो तिथे असाच निमुळता असतो, आतल्या बाजूला घेर कमी. त्यामुळे तो आपण होऊन वळणाच्या आत ओढ घेतो. कमान टोकदार असेल तर गाडी चटकन झुकते, पण सरळ रस्त्यावर थोडी चंचल वाटते. कमान सपाट असेल तर ती सरळ जायचा हट्ट धरते.

आता तो उतरवलेला टायर. बुटीबोरी एमआयडीसीत रोज वर्धा रोडने जाणाऱ्या कुणाच्याही गाडीचा मागचा टायर बघा. मधोमध दोन-तीन बोटांचा पट्टा घोटून सपाट झालेला असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना बोटाला लागेल अशी धार, आणि धारेपलीकडे रबर जवळपास नवं. कधी कधी कारखान्यातून आलेले रबराचे बारीक केससुद्धा कडेला शाबूत असतात. आमच्या शहरातून निघणारे मोठे रस्ते सरळसोट. टायर झिजतो तोही मधूनच. असा टायर झुकवायला गेलं की आधी ऐकत नाही, मग धार ओलांडली की गाडी एकदम कलंडते. हे इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला सवय होऊन जाते. मग नवा टायर येतो, पुन्हा गोल कमान मिळते आणि गाडी हलकी वाटते. मूळ मापाचा नवा टायर घातला असता तरी हेच झालं असतं, बहुधा जास्तच झालं असतं.

रुंद टायर जुन्याच अरुंद रिमवर चढवला की आणखी एक गोष्ट होते. रिम त्याच्या दोन्ही कडा आत चिमटते, कमान फुगून टोकदार होते आणि कडेचं रबर जमिनीला लागतच नाही. पैसे 140 चे, उपयोगाला येतो त्याहून कमी. केटीएमच्या ड्यूक 390 मोटरसायकलला 150/60-17 कंपनीकडूनच येतो, पण तिथे रिम, स्विंगआर्म म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, सगळं त्या मापाने बनवलेलं असतं.

"पण ग्रिप तर वाढते ना?" कोरड्या रस्त्यावर, साध्या कम्यूटर, म्हणजे रोज ये-जा करायच्या गाडीच्या ताकदीला, फारशी नाही. जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब इतकं असतं. मागच्या चाकावर 150 किलो आणि हवा 28 पीएसआय (पंपावर दाब मोजतात ते एकक), तर साधारण 75 चौरस सेंटिमीटर, तळहाताएवढं. टायर रुंद केला तर हा ठसा आडवा पसरतो आणि लांबीत आखडतो. क्षेत्रफळ फार बदलत नाही. उलट सिमेंट रोडच्या उभ्या सांध्यावर किंवा डांबर-सिमेंटच्या उंचसखल कडेवर रुंद, सपाट टायर एका बाजूनेच टेकतो आणि गाडी त्या रेघेच्या मागे ओढली जाते.

दाबाचा विषय निघालाच आहे, तर नागपूरच्या मे महिन्याचं सांगायला हवं. पहाटे 27 अंशांना 28 पीएसआय भरलेला टायर 47 अंशांपर्यंत तापला, की आतला दाब सुमारे 31 होतो. हे धरूनच टायर बनवलेला असतो. पण दुपारी पंपावर 31 बघून कुणी तीन पॉइंट हवा सोडायला लावली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर 25 वर असतो. बाजू बसतात, जमिनीवरचा ठसा लांबतो, टायर चालताना जास्त लवतो आणि आणखी तापतो. मग तो शंभरचा असो की एकशेचाळीसचा, हँडल जडच लागणार.