सहा मिनिटांचं संथ गाणं आणि १९८४ चं भांडण

नागपुरातल्या चार पोरांच्या हार्डकोर, म्हणजे वेगवान, रागीट पंक रॉक वाजवणाऱ्या, बँडने या उन्हाळ्यात चार गाण्यांचं रेकॉर्डिंग बाहेर काढलं आणि सोबतच रायपूर, जबलपूर, भोपाळ असा पहिला दौरा जाहीर केला. पहिली तीन गाणी मिळून साडेचार मिनिटांची. चौथं एकटंच सहा मिनिटांचं, तेही संथ. गावातल्या ऐकणाऱ्यांत वाजलं ते या चौथ्यावरून. "अबे, हे हार्डकोर हाय का भजन?" असं एकाने ड्रमरला तोंडावर विचारलं. नेमकं हेच भांडण १९८४ साली कॅलिफोर्नियात होऊन गेलं आहे.

चार काळ्या पट्ट्यांचं चिन्ह असलेला टी-शर्ट मी कॉलेजात असताना सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतला होता. त्या पट्ट्या ब्लॅक फ्लॅग या हार्डकोर बँडच्या, ते भांडण झालं ते याच बँडवरून. तो १९७६ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या हर्मोसा बीचला सुरू झाला. पहिली चार गाण्यांची तबकडी १९७९ ची, सगळी मिळून पाच मिनिटांच्या आसपास. ती गिटारवाल्याने स्वतःच काढली. शाळकरी वयात तो रेडिओचं सामान टपालाने विकायचा, त्याच धंद्याची आद्याक्षरं त्याने लेबलला दिली. पुढे पोलिसांनी शहरातले कार्यक्रम बंद पाडायचा सपाटा लावला, तसा बँड व्हॅनमध्ये सामान कोंबून बाहेरगावी निघाला. त्यांनी पाडलेल्या वाटेनेच नंतरचे बँड गेले.

फिरून जगणारी कला आपल्याला नवी नाही. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर वडशाहून नेपथ्य घेऊन निघतात, रात्रभर नाटक करतात आणि सकाळी पुढच्या गावाला लागतात.

आता मुद्द्याचं. १९८१ मध्ये या बँडचा पहिला मोठा अल्बम आला. वितरक कंपनीच्या बड्या माणसाने तो 'आईबापांच्या विरोधातला' ठरवून विकायला नकार दिला. बँडने तेच वाक्य चिकटपट्टीवर छापून अल्बमवर डकवलं. मग प्रकरण कोर्टात गेलं आणि स्वतःच्या नावाने नवं काही काढायला मनाई झाली. जुन्या रेकॉर्डिंगांचा एक संच त्यांनी १९८२ मध्ये मुखपृष्ठावर बँडचं नाव न घालता काढला, तरी १९८३ मध्ये दोघांना पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. समोरची कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा कुठे सुटका झाली.

म्हणजे जवळपास दोन वर्षं त्यांच्याकडे फक्त स्टेज आणि तालीम होती. १९८४ चा अल्बम ऐकताना हे लक्षात ठेवलं पाहिजे. बेस वाजवणारा तेव्हा उरला नव्हता, म्हणून गिटारवाल्यानेच टोपणनावाने बेस वाजवला. पहिली बाजू ओळखीची. दुसऱ्या बाजूला तीनच गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, ओझं ओढत नेल्यासारखी. त्यावर ऐकणारे उभे दुभंगले. जुन्यांचं म्हणणं, वेग हाच हार्डकोरचा प्राण, तो काढला तर उरलं काय? ही तर हेवी मेटल रॉकची नक्कल. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. एका मिनिटात संपणारं गाणं कुणालाही वाजवता येतं, आणि हार्डकोर उभं राहिलं ते याच भरवशावर. पण मला संथपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं पटतं. तोवर वेग ही सवय झाली होती, सगळे बँड तसेच वाजवत होते. वेग सोडल्यावर राग लपवायला जागा राहत नाही. गायकाचा श्वास ऐकू येतो, ड्रमरची चूक ऐकू येते. शिवाय हे आळसातून आलेलं नव्हतं. गिटारवाला ड्रमरकडून मुद्दाम मंद गतीत तालीम करून घ्यायचा, रोज, तासन्‌तास. पुढे सिएटलकडच्या बँडांनी अल्बमची ही दुसरी बाजूच उचलली. बँड स्वतः १९८६ ला फुटला.

आपल्या पोरांचं ते संथ गाणं मी रेकॉर्ड होताना पाहिलं. प्रतापनगरातली एक खोली, खिडक्यांना गाद्या बांधलेल्या, बाहेर मे महिना. माइक चालू असताना कूलर बंद ठेवावा लागतो. दीड मिनिटाच्या गाण्याला हे चालून जातं. सहा मिनिटांच्या गाण्याला चौथ्या मिनिटाला काठी ड्रमरच्या ओल्या हातातून सुटली आणि सगळं पहिल्यापासून. पाचव्या खेपेला ते पूर्ण झालं. शेवटी गिटार विरताना कुणीतरी घाईने कूलरचं बटण दाबल्याचा आवाज आहे, तो त्यांनी काढला नाही.

दौऱ्याची गावं तीनच असली तरी प्रत्येक नागपूरहून अडीचशे ते साडेतीनशे किलोमीटरवर आहे, एका रात्रीच्या टप्प्यात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तरी मुंबईचं त्यांनी सध्या मनावर घेतलेलं नाही. रायपूरच्या यादीत संथ गाणं शेवटी नाही, दुसरं आहे.