पिलार (स्पॅनिश स्त्रीनाम)

पिलार : स्पेनमधील पारंपरिक स्त्रीनाम. पूर्ण रूप मारिया देल पिलार, म्हणजे ‘स्तंभाची मरिया’. हा शब्द स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी, तरी नाव मुलींचेच. दोलोरेस, मेर्सेदेस, रोसारियो यांप्रमाणे तेही मरियामातेच्या उपाधीवरून आले. घरोघर मारिया असताना हाक मारायला उपाधीच सोयीची पडते.

नावाचे मूळ आरागॉन प्रांतातल्या सारागोसा शहरात आहे. आख्यायिकेनुसार इ.स. ४० मध्ये एब्रो नदीकाठी धर्मप्रसार करताना निराश झालेल्या संत याकोबाला (येशूच्या शिष्याला) मरियेने जास्पर दगडाच्या स्तंभावर दर्शन दिले. गंमत म्हणजे तेव्हा ती जेरुसलेममध्ये हयात होती, असे ही कथा मानते. कथेचा लेखी पुरावा मात्र तेराव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे बाराशे वर्षांनंतरचा. आज तिथे भव्य बॅसिलिका (मोठे चर्च) असून आतल्या घुमटांपैकी एक फ्रांसिस्को गोयाने रंगवला आहे. स्तंभावरची लाकडी मूर्ती जेमतेम सव्वा फुटाची. तिची वस्त्रे वेळोवेळी बदलली जातात. स्तंभाचा थोडा भाग मागच्या बाजूने उघडा ठेवला आहे. भाविकांच्या ओठांनी तो झिजून खोलगट झाला आहे.

नाव देशभर पसरले ते केवळ भक्तीमुळे नव्हे. १८०८-०९ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी सारागोसाला वेढे घातले, तेव्हा ‘पिलारच्या मातेला फ्रेंच व्हायचे नाही’ अशी लोकगीते शहरात गाजली आणि ही माता प्रतिकाराची खूण ठरली. १९३६ च्या यादवी युद्धात बॅसिलिकेवर टाकलेले बॉम्ब फुटले नाहीत. त्यांतले दोन आजही आत लावलेले दिसतात. पिलारमातेचा सण १२ ऑक्टोबरला असतो. कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोचला तीच ही तारीख, त्यामुळे त्या दिवशी स्पेनचा राष्ट्रीय दिनही साजरा होतो. सर्व पिलारांचा नामदिनही (ज्या संताचे नाव ठेवले त्याचा सण) तोच. ग्वार्दिया सिव्हिल या निमलष्करी पोलीसदलाची ही माता संरक्षक संत आहे.

घरात पिलारची पिली किंवा पिलुका होते. ‘मारी पिली’ हे जोडरूप तर इतके रुळले, की बोलीभाषेत ते उथळ बाईसाठी थट्टेने वापरू लागले. विसाव्या शतकाच्या मध्यावर अतिशय प्रचलित असलेले हे नाव नव्या पिढीत क्वचितच ठेवले जाते. आज ते बहुधा आजीचे नाव वाटते. चित्रपट दिग्दर्शिका पिलार मिरो ही या नावाची एक प्रसिद्ध व्यक्ती. फिलिपीन्समध्ये ‘देल पिलार’ हे आडनावही आहे.

गोव्यात जुवारी नदीजवळच्या टेकडीवर १६१३ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंनी याच मातेला वाहिलेला मठ बांधला. कदंबांच्या गोपकपट्टण या राजधानीच्या परिसरातल्या त्या जागेला पिलार हेच नाव पडले.