सेर्पा पिंतो, अलेशांद्र द
(२० एप्रिल १८४६ – २८ डिसेंबर १९००). पोर्तुगीज लष्करी अधिकारी, आफ्रिकेचा समन्वेषक, वाणिज्यदूत व वसाहतींचा प्रशासक. पोर्तुगालच्या उत्तर भागातील सिंफाइश परिसरात त्याचा जन्म झाला. लष्करी विद्यालयातील शिक्षणानंतर तो पायदळात दाखल झाला आणि १८६९ मध्ये झांबेझी खोऱ्यातील मोहिमेच्या निमित्ताने त्याने आफ्रिकेचा अंतर्भाग प्रथम पाहिला.

त्याची कीर्ती मुख्यतः १८७७–७९ च्या प्रवासावर उभी आहे. एर्मेनेजिल्दु कापेलु व रोबेर्तु इव्हेंश या पोर्तुगीज समन्वेषकांसह तो अंगोलाच्या किनाऱ्यावरील बेंगेला येथून निघाला. मात्र अंगोलाच्या अंतर्भागातील बिये येथे मतभेद होऊन ते दोघे उत्तरेकडे वळले आणि सेर्पा पिंतो पूर्वेकडे चालत राहिला. झांबेझीच्या वरच्या खोऱ्यातील बारोत्से लोकांच्या राज्यात त्याच्या तळावर हल्ला झाला, अनेक हमाल सोडून गेले. आजारी अवस्थेत त्याला फ्रेंच मिशनरी फ्रान्स्वा क्वायार याच्या कुटुंबाने आधार दिला. पुढे व्हिक्टोरिया धबधबा पाहून तो दक्षिणेस वळला व प्रिटोरियामार्गे १८७९ मध्ये दरबानला पोहोचला. या प्रवासाचे त्याने दोन खंडांत वर्णन केले (१८८१) आणि दुसऱ्या खंडाला क्वायार कुटुंबाचेच नाव दिले; स्वतःच्या पराक्रमाची कथा सांगतानाही ऋण मान्य करण्याचा हा प्रांजळपणा उल्लेखनीय आहे. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

पुढे तो झांझिबार येथे पोर्तुगालचा वाणिज्यदूत होता. मोझांबिकच्या किनाऱ्याकडून न्यासा (मलावी) सरोवराकडे जाणाऱ्या मोहिमेत आजारपणामुळे त्याला नेतृत्व सहकारी आउगुश्तु कार्दोजु याच्याकडे सोपवावे लागले.

अंगोला व मोझांबिक यांना सलग प्रदेशाने जोडण्याची पोर्तुगालची आकांक्षा होती आणि त्यासाठी १८८६ मध्ये हा दावा गुलाबी रंगात दाखवणारा तथाकथित ‘गुलाबी नकाशा’ मांडण्यात आला. आफ्रिकेतील वसाहतींविषयीच्या बर्लिन परिषदेनंतर (१८८४–८५) जुन्या शोधांपेक्षा प्रत्यक्ष ताब्याला महत्त्व आल्यामुळे सेर्पा पिंतोसारख्या प्रवाशांकडून आता सैनिकी कामाची अपेक्षा होऊ लागली. १८८९ च्या अखेरीस न्यासा सरोवरातून निघणाऱ्या शिरे नदीच्या खोऱ्यात त्याच्या सैन्याची ब्रिटिश संरक्षणाखालील माकोलोलो लोकांशी चकमक झाली. ब्रिटनने ११ जानेवारी १८९० रोजी सैन्य मागे घेण्याविषयी निर्वाणीचा खलिता दिला व पोर्तुगालला माघार घ्यावी लागली. या नामुष्कीने लिस्बनमध्ये राजसत्तेविरुद्ध प्रक्षोभ उसळला आणि प्रजासत्ताकवाद्यांना बळ मिळाले; पोर्तुगालचे आजचे राष्ट्रगीतही त्याच वातावरणात रचले गेले. या पराभवाचा दोष एकट्या सेर्पा पिंतोवर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण पोर्तुगालचा दावा त्या देशाच्याच सामर्थ्याबाहेरचा होता.

१८९४ मध्ये तो केप व्हर्दचा गव्हर्नर झाला. लिस्बन येथे त्याचे निधन झाले. अंगोलातील मेनोंगे हे शहर वसाहतकाळात त्याच्या नावाने ओळखले जात असे.