मोर्सची सक्ती कशासाठी होती?

३० मेगाहर्ट्झच्या खालच्या, म्हणजे सातासमुद्रापार पोहोचणाऱ्या फ्रिक्वेन्सींवर बोलायचं तर हौशी रेडिओचालकाला (त्यालाच ‘हॅम’ म्हणतात) मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची सांकेतिक भाषा, यायलाच हवी, असा आंतरराष्ट्रीय नियम २००३ सालापर्यंत होता. त्या वर्षी जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ही अट काढली आणि निर्णय ज्या त्या देशावर सोपवला. ब्रिटन आणि जर्मनीने लगेच सक्ती सोडली, अमेरिकेने २००७ मध्ये. हॅम मंडळींमधला वाद मात्र अजून चालूच आहे : मोर्स न येणाऱ्याला खरा हॅम म्हणायचं का? माझ्या मते सक्ती गेली हे योग्यच झालं. तरी मोर्स शिकू नका, असं मी कुणालाही सांगणार नाही.

ही अट आली कशी ते आधी पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजं, किनाऱ्यावरची केंद्रं आणि हौशी लोक, सगळ्यांचा वावर एकाच हवेत होता आणि सगळ्यांची भाषा मोर्स होती. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत हौशींना परवाना घेणं बंधनकारक झालं. बुडत्या जहाजाची हाक ओळखता यावी, ‘तुमच्यामुळे अडथळा येतोय, थांबा’ असं कुणी मोर्समध्ये सांगितलं तर ते कळावं, ही त्या काळची खरी गरज होती. पुढे १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांच्या संकटसंदेशांसाठी उपग्रह आणि डिजिटल रेडिओची नवी यंत्रणा पूर्णपणे लागू झाली. ज्या कारणासाठी नियम केला, ते कारणच उरलं नाही.

मग आजही इतके लोक आवडीने मोर्स का वापरतात? उत्तर गोंगाटात आहे. रिसीव्हर जितका रुंद पट्टा ऐकतो, तितकी जास्त खरखर आत येते. खिडकी जेवढी उघडी, तेवढी धूळ. आवाजाच्या प्रक्षेपणाला सुमारे २५०० हर्ट्झची रुंदी लागते. मोर्सला २५० हर्ट्झचा फिल्टर पुरतो, म्हणजे खरखरीचा दहावा हिस्साच आत येतो. शिवाय ट्रान्समीटरची सगळी ताकद एकाच सुरात एकवटलेली असते. म्हणून पाच वॅटच्या, मोजक्या ट्रान्झिस्टरच्या घरगुती सेटवरून, परिस्थिती अनुकूल असेल तर, हजारो किलोमीटरवरच्या माणसाशी गाठ पडते. ज्याने हे एकदा अनुभवलं, त्याला मोर्सची गोडी समजावून सांगावी लागत नाही.

पण ‘सर्वात दुबळा सिग्नल मोर्सच पोहोचवतो’ हे म्हणणं आता टिकत नाही. २०१७ मध्ये एफटी८ ही डिजिटल पद्धत आली. तिच्या दोन निर्मात्यांपैकी एक ज्यो टेलर, ज्यांना पल्सार या स्पंदन करणाऱ्या ताऱ्यांवरच्या संशोधनासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एफटी८ जेमतेम ५० हर्ट्झ जागा घेते आणि आवाजाच्या पट्ट्यातल्या गोंगाटापेक्षा शंभर पट दुबळा सिग्नलही संगणक तिच्यातून वाचून काढतो. कानाला ते जमत नाही. अर्थात, तिथे संगणक लागतो, घड्याळ जगाच्या वेळेशी जुळलेलं लागतं आणि दर पंधरा सेकंदांना एक तुटपुंजा संदेश जातो. मनमोकळ्या गप्पा तिच्यावर होत नाहीत, मोर्सवर होतात.

सक्तीविरुद्धचा सर्वात भक्कम मुद्दा मला शिकण्याच्या शास्त्रात सापडतो. ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १८९० च्या दशकात तारयंत्र शिकणाऱ्यांची प्रगती मोजली. वेग काही काळ वाढे, मग बराच काळ तिथेच अडे, मग पुन्हा चढे. अडलेल्या काळात अक्षरं ऐकण्याकडून अख्खे शब्द ऐकण्याकडे कानाची वाटचाल चाललेली असते, असं त्यांनी मांडलं. मुरलेला तारवाला टिंब-रेषा मोजत नाही. त्याच्या कानावर थेट शब्द पडतात.

आता परवान्यासाठीच्या मोर्स परीक्षेकडे पाहा. मिनिटाला पाच शब्दांच्या गतीत एक टिंब जवळपास पाव सेकंद चालतं आणि रेषा त्याच्या तिप्पट. एवढ्या संथ चालीत शिकणारा साहजिकच मोजतो आणि मनातल्या तक्त्यात अक्षर शोधतो. गती दहाच्या आसपास गेली की मोजायला सवड उरत नाही आणि लागलेली सवय मोडावी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३० च्या दशकात उलटा रस्ता दाखवला : पहिल्या दिवसापासून पूर्ण गती, पण अक्षरं फक्त दोन, ती पक्की झाली की तिसरं. परीक्षेपुरतं मोर्स शिकलेल्या कितीतरी लोकांनी परवाना हाती येताच मोर्स पाठवायची कळ बाजूला ठेवली, याचं मला नवल वाटत नाही.

परवान्याच्या परीक्षेने विचारावं ते वेगळंच आहे. अँटेना विजेच्या तारांपासून किती लांब असावी? आपल्या प्रक्षेपणाचे अनाहूत अंश दुसऱ्याच्या पट्ट्यात कसे घुसतात? मोर्सचंच उदाहरण घ्या. सूर एकदम चालू-बंद केला तर प्रत्येक टिंबाच्या कडांना ‘क्लिक’ उठतात आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर पसरतात. त्यावर उपाय म्हणून सूर काही मिलिसेकंदांत हळूच चढवतात आणि हळूच उतरवतात. मिनिटाला वीस शब्द बिनचूक घेणाऱ्यालाही हे ठाऊक असेलच असं नाही, आणि कानाच्या परीक्षेत ते कधी तपासलंही जात नव्हतं.